अर्जातला शिंपला

माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. हे आरंभीच सांगतो, कारण लोकांसाठी मी लिहिलेले अर्ज ज्यांच्या टेबलावरून गेले त्यांतल्या पुष्कळांना ते खरे वाटत नसे. बदलून गेलेले एक साहेब तर म्हणत की, या माणसाचा अर्ज दुसऱ्यांदा वाचावा लागत नाही. भिवंडीत कचेरीच्या कुंपणाला लागून पत्र्याचे एक छप्पर होते. त्याखाली माझे टेबल, त्यावर मराठी टंकयंत्र, आणि समोर वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक. लोक मला रायटर म्हणत. समोरच्या गाळ्यात संगणकावर टाइप करून देणारा आला, त्यानंतरही माझ्या बाकावर माणसे बसत; मात्र त्यांतली निम्मी केवळ सावलीसाठी बसत, हे मला कळत होते. मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून दुपारपर्यंत अशी अवस्था होई की माणसांचे चेहरे ध्यानात राहत नसत, फक्त विषय राहत: शिधापत्रिका, वारस नोंद, मीटर.

माझा एक नियम होता. तोंडचा शब्द जसाच्या तसा अर्जात जाऊ द्यायचा नाही. लूमवरचा कामगार येऊन म्हणे, "मालिक ने निकाल दिया, भाऊ, काय पण कारण न्हाय." कागदावर ते 'विनाकारण सेवेतून कमी केले' असे उमटे. कचेरीतला माणूस आधी भाषा बघतो आणि मग माणूस, असे माझे मत होते आणि ते अनुभवाने बनले होते. ज्याची भाषा स्वच्छ, त्याला निदान खुर्ची पुढे केली जाते. या नियमाने मी कितीतरी लोकांचे भले केले आहे. एकदा त्याच नियमाने नुकसान केले, ते लिहायला बसलो आहे.

कामतघरच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या ताई माझ्याकडे आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, कपाळावर आडवे कुंकू, पायांत प्लास्टिकच्या चपला, बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी बसलेली. त्यांच्या गावात पाच जणींचा बचत गट होता. खाडीतून निघणाऱ्या मालाच्या कवच्या गोळा करायच्या, धुऊन उन्हात वाळवायच्या, कुटून त्यांची कणी करायची आणि गोण्या भरायच्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ही कणी खाद्यात घालतात; तिच्यामुळे अंड्याचे कवच टणक होते. तालुक्यात बायकांना कोंबड्या वाटण्याची एक योजना चालू होती आणि तिच्या पुरवठादारांच्या यादीत शिंपल्यांच्या कणीसाठी या गटाचे नाव होते.

ताईंनी पिशवीतून घडी घातलेली नोटीस काढली. वडपे गावातल्या एका गोदामवाल्याने तक्रार केली होती. तोही कोंबड्यांचे खाद्य पुरवत असे आणि त्याच्याकडे दगडाची कणी होती. तक्रार अशी की, गटाच्या गोण्यांत शिंपल्यांची कणी नसून संगमरवराची किंवा डोलोमाइट नावाच्या दगडाची पूड आहे. पंधरा दिवसांत खुलासा न आल्यास नाव यादीतून वगळण्यात येईल.

"नाव गेलं तर काय होईल?" मी विचारले. ते मला अर्जात लिहायचे असते.

"काय व्हायाचंय? गोदामात कामाला जावं लागल, वडप्याला. सकाळी टेम्पोत कोंबून नेतात, सांच्याला आणून टाकतात. दोघींचं गुडघं गेल्यात, भाऊ. आन घरी म्हातारी माणसं हायत. आमी घरच्या दारात बसून कुटतो म्हणून जमतंय."

"बरं. कणी कशाची?"

"तिसऱ्यांची. लिवा, तिसऱ्यांचीच हाय. कालवं आमी घेतच न्हाय. कालवाचं पापुद्रं सुटतात, कोंबडी तोंड लावत न्हाय. तिसऱ्याच."

मी लिहिले: 'सदर कणी ही संपूर्णतः नैसर्गिक शिंपल्यांपासून तयार करण्यात येते.' तिसऱ्या आणि कालवे, दोन्ही शिंपल्यांत राहणारे खाण्याचे जीव; हे शब्द मला ठाऊक नव्हते असे नाही. माझे मूळ गाव खाडीपासून दूर, आमच्याकडे भात आणि वाल. तरी बाजारात टोपल्या पाहिल्या होत्या, रस्साही जेवलो होतो. पण ते मासळीबाजारातले शब्द, त्यांना सरकारी कागदावर जागा नाही, असे वाटले. शिंपला हा शब्द कसा शुद्ध, सर्वांना कळणारा.

ताई कागदाकडे पाहत होत्या. त्यांना थोडेफार वाचता येत असे. "तिसऱ्या कुठं लिवलंय?"

"शिंपले लिहिलंय, ताई. त्यात सगळं आलं."

"सगळं कशाला पायजे?" त्या म्हणाल्या, पण पुढे बोलल्या नाहीत. लिहिणाऱ्याला जास्त कळते असे त्यांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले.

शेवटी मी माझ्या पदरचे एक वाक्य जोडले. गोणीतला नमुना प्रयोगशाळेत पाठवून तो कॅल्शियम कार्बोनेट आहे किंवा नाही याची खातरजमा व्हावी. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हे मी माझ्या पुतणीच्या पाठ्यपुस्तकात वाचले होते. वाक्य टंकून झाल्यावर मी ते एकदा मोठ्याने वाचले. बाकावरचे लोकही वळून बघू लागले.

अहवाल आला. नमुना कॅल्शियम कार्बोनेट होता. मी तो घेऊन स्वतः योजनेच्या साहेबांकडे गेलो, ताईंना मुद्दाम बरोबर घेऊन. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि ते हसले.

"रायटर, संगमरवर कशाचा असतो?"

"दगड असतो, साहेब."

"कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. खडूसुद्धा तोच. तुम्ही विचारलंत माणूस आहे का, त्यांनी सांगितलं, हो, आहे. कोण आहे ते कुठे विचारलंत?"

तक्रारदार गोदामवाला बाजूच्या खुर्चीत बसला होता. मळलेला सफारी, हातात गाडीची किल्ली. तो म्हणाला, "अरे मावशी, खाडीत आता मार्बल पण पिकतो काय? हमको भी बताव, आपण पण टोपली घेऊन येतो."

"ये की," ताई म्हणाल्या. "चिखलात गुडघाभर रुतलास की वर वढायला आमीच लागू."

साहेबांना हसू आले आणि मुदत वाढवून मिळाली. ते माझ्या अर्जामुळे नव्हे. ते म्हणाले, दगड आणि शिंपला यांतला फरक दाखवील अशी तपासणी करून आणा.

ही तपासणी कुठे होते ते शोधण्यात माझे दोन दिवस गेले. अखेर एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक मॅडम भेटल्या. तिशीच्या, पांढरा कोट, कोटावर ठिकठिकाणी रंगांचे डाग. त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि फार समजूतदारपणे सगळे दाखवले. मी वर्णन करतो आहे ते माझ्या आठवणीप्रमाणे. रसायनातला मी अधिकारी नाही.

त्यांनी काचेवर डोलोमाइटचा खडा ठेवला आणि वर सौम्य आम्लाचा थेंब टाकला. खडा बराच वेळ गप्प राहिला. संगमरवराच्या तुकड्यावर तोच थेंब पडताच फसफस झाली. आमच्या गोणीतल्या कणीवर टाकला, तशीच फसफस.

"म्हणजे डोलोमाइट नाही," मॅडम म्हणाल्या. "डोलोमाइटची पूड केली तर तो हळूहळू बुडबुडे सोडतो, पण असा उसळत नाही. आता रंग बघा."

एका लाल द्रावणात तिन्हींचे कण बुडवले. डोलोमाइट कोरा राहिला. संगमरवर आणि कणी, दोन्ही लाल झाले.

"मग हे दोन्ही एकच ना?" मी विचारले.

"तुमच्याकडे लूम आहेत ना, काका? एकाच सुताचं साधं कापड निघतं आणि तिरक्या विणीचं ड्रिलही निघतं. सूत तपासलंत तर सारखंच येणार. विणकाम वेगळं आहे. संगमरवराचं विणकाम वेगळं, पुष्कळशा शिंपल्यांचं वेगळं. दगडाच्या प्रकाराला कॅल्साइट म्हणतात, दुसऱ्याला अॅरागोनाइट. मुंबईला क्ष-किरणांचं यंत्र आहे, ते लगेच सांगतं, पण नंबर लागायला महिने जातात. मी जुन्या पद्धतीनं करते. कोबाल्टच्या द्रावणात पूड उकळायची. अॅरागोनाइट जांभळा होतो, कॅल्साइट पांढरा राहतो. फक्त तुलनेसाठी ज्यापासून कणी करतात तो शिंपला आणून द्या, आणि रीतसर अर्ज."

रीतसर अर्ज हे शब्द ऐकून मला हुरूप आला. आता माझी चूक भरून काढण्याची संधी होती. मी टेबलावर बसून असा अर्ज केला की त्यात बोट ठेवायला जागा राहू नये. संगमरवर तो नमुना अ, शिंपला तो नमुना ब, गोणीतली कणी तो नमुना क. 'नमुना क हा अ याच्याशी जुळतो अथवा ब याच्याशी, एवढेच कळवावे.' आणि निःपक्षपातीपणाबद्दल कोणी शंका घेऊ नये म्हणून खाली लिहिले, 'अहवाल सीलबंद करून परस्पर कार्यालयास पाठवावा.'

राहिला शिंपला. ताईंचे गाव लांब. त्यांना निरोप धाडायचा, म्हणजे त्यांचा एक दिवस मोडणार. त्यांचे श्रम वाचवावे असा माझा हेतू होता. शिंपल्यासारखी वस्तू, तीत विचारायचे काय? माझ्या वाटेवर एक खानावळ होती, मागे कवच्यांचा ढीग असे. तिथून मी चांगले मोठे, जाड, वरून खडबडीत आणि आतून चकचकीत असे चार शिंपले निवडले, घरी नेऊन घासून धुतले आणि पाकिटात घालून प्रयोगशाळेत दिले. दिसायला भारदस्त होते. सरकारी कामाला शोभतील असे.

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी सील फोडले. ताई होत्या, गोदामवाला होता, मी ताईंच्या मागे उभा होतो. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"नमुना अ पांढरा राहिला. नमुना ब पांढरा राहिला. नमुना क जांभळा झाला. नमुना क हा अ किंवा ब यांपैकी कशाशीही जुळत नाही." त्यांनी मान वर केली. "ताई, दगड नाही हे खरं. पण तुमच्याच शिंपल्याशीही जुळत नाही. मग गोणीत आहे तरी काय?"

"वो ही तो मैं बोल रहा था," गोदामवाला म्हणाला. "कुछ तो मिलाया है."

ताईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी साहेबांना विचारले, "शिंपला कंचा दिला व्हता, बघू?"

उरलेले दोन शिंपले अहवालाला जोडलेल्या पाकिटात होते. साहेबांनी ते टेबलावर ओतले. ताईंनी एक हातात घेतला, उलटा केला आणि परत ठेवला.

"ह्ये कालव हाय."

त्या वळून मला म्हणाल्या, "रायटरभाऊ, मी काय सांगितलं व्हतं?"

"ताई, मला वाटलं, शिंपला तो शिंपला."

"तुमच्या घरी वरी आन भात एकाच डब्यात भरतात व्हय?"

मी साहेबांना समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, तुम्ही म्हणता ते खरेही असेल, पण माझ्यासमोर अहवाल आहे आणि अहवालात जुळत नाही असे आहे. खुलासा येईपर्यंत पुरवठा स्थगित. यात त्यांचा दोष होता असे मी आजही म्हणणार नाही. माझ्याच कागदाने त्यांचे हात बांधले होते.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी प्रयोगशाळेत गेलो. त्यांनी ओच्यात मूठभर तिसऱ्यांच्या कवच्या आणल्या होत्या: लहान, गुळगुळीत, वर बारीक नक्षी. माझ्या शिंपल्यांपुढे त्या अगदी किरकोळ दिसत होत्या. मॅडमनी सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला.

"कालवाचं कवच कॅल्साइटचंच असतं. दगडासारखंच. ते पांढरंच राहणार."

"मग तुम्ही तसं लिहिलं का नाही?" माझा आवाज थोडा चढला असावा.

"मी रसायनवाली, काका. समोर आलेला शिंपला कुठला ते मला ओळखता येत नाही. कणी जांभळी झाली तेव्हा वाटलं होतं, काहीतरी चुकतंय. पण तुम्ही लिहिलं होतं, एवढेच कळवावे. आणि परस्पर पाठवावे. विचारायला जागाच ठेवली नव्हती तुम्ही."

मी स्टुलावर बसलो. ती दोन वाक्ये टंकताना मला किती समाधान झाले होते ते आठवले.

मॅडमनी तिसऱ्यांच्या कवच्या खलात कुटल्या. ताईंनी थोडा वेळ पाहिले आणि न राहवून त्यांच्या हातून बत्ता घेतला. "असं न्हाय पोरी, कडेनं. मधी मारलं की उडतंय." मग त्यांनीच पूड केली. तीन परीक्षानळ्यांत गुलाबी द्रावण, खाली बर्नर. पहिलीत संगमरवर, दुसरीत कालव, तिसरीत तिसऱ्या. उकळायला वेळ लागतो. तोवर ताई मॅडमना विचारत होत्या की दिवसभर हा वास घेऊन डोके दुखत नाही काय, आणि मॅडम सांगत होत्या की दुखते. मग नळ्या उतरवल्या, पूड गाळून धुतली आणि कागदावर पसरली. दोन ढीग पांढरे. तिसरा फिक्या जांभळ्या रंगाचा, वालाच्या फुलासारखा. गोणीतल्या कणीचा ढीग बाजूला ठेवला, तोही त्याच रंगाचा.

ताई वाकून पाहत राहिल्या. "ह्ये आदी केलं असतं तर..." एवढेच म्हणाल्या.

मी नवा अर्ज केला. त्यात तिसऱ्या हा शब्द चार ठिकाणी घातला आणि कालव दोन ठिकाणी. पूर्वीचा नमुना ब हा अर्जलेखकाने अनवधानाने चुकीचा दिला होता, हेही लिहिले. मॅडमचा खुलासा सोबत जोडला. साहेबांनी तो ठेवून घेतला. पण स्थगिती एकदा लागली की ती उठवायला वरच्या सहीची गरज होती, वरचे साहेब रजेवर होते, मग बैठक होती, मग फाइल दुसऱ्या टेबलावर होती. मी रोज दुपारी जाऊन उभा राहत असे. एरवी लोकांच्या कामासाठी मी कधी रांगेत उभा राहिलो नव्हतो. माझे काम कागदाचे, रांग लोकांची, अशी माझी वाटणी होती. रांगेत उभे राहिल्यावर पाय किती दुखतात, ते त्या वेळी कळले. मागचा एक जण म्हणाला, "काय रायटर, आज तुमीच आमच्यात?"

स्थगिती उठली. गटाचे नाव यादीत कायम राहिले. तक्रार निकाली निघाली आणि आदेशात कारकुनाने माझ्या अर्जातले वाक्य जसेच्या तसे उतरवले होते: 'सदर कणी तिसऱ्यांच्या कवच्यांपासून तयार केलेली असल्याचे दिसून येते.' मी तो कागद ताईंना वाचून दाखवला. त्यांनी घडी घालून ठेवला. आनंद झालेला दिसला नाही. मी विचारले, काय झाले?

"तिघीच उरलो, भाऊ."

स्थगितीच्या काळात गटाचे कुटणे बंद होते. बाकी दोघी वडप्याला गोदामात लागल्या होत्या. त्यांतल्या एकीचे गुडघे आधीच गेलेले. आता तिथे नाव लागले होते, मुकादमाने कायमचे घेतले होते, आणि घरच्यांना रोज येणाऱ्या मजुरीची सवय झाली होती. परत ये म्हटले तर त्या यायला तयार नव्हत्या. उद्या पुन्हा कोणी कागद धाडला तर काय, असे त्यांनी विचारले होते. तिघींच्या हातून ठरलेल्या गोण्या भरणे शक्य नव्हते. गोण्या कमी करून मिळाव्या, असा अर्ज करायचा होता. त्यासाठी त्या माझ्याकडेच आल्या, संगणकवाल्याकडे गेल्या नाहीत. का, ते मी विचारले नाही.

मी कागद चढवला. 'अपरिहार्य कारणांमुळे गटाच्या सदस्यसंख्येत घट झाली असून' इथपर्यंत टंकले. ही वाक्यरचना मी हजारदा वापरली असेन. बोटे आपोआप चालतात.

ताई कागदाकडे वाकल्या होत्या. "अपरि... काय ह्ये?"

"अपरिहार्य. म्हणजे टाळता न येणारं."

ताईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता, जसा सगळ्यांच्याच चेहऱ्यावर दुपारच्या वेळेला असे.

"टाळता येत व्हतं की," त्या म्हणाल्या.

मी कागद यंत्रातून काढला आणि दुसरा चढवला. तुमच्या तोंडाने सांगा, मी म्हणालो, तसे लिहितो. त्या सांगत गेल्या आणि मी टंकत गेलो: शिंपला चुकीचा दिला गेला, म्हणून काम बंद पडले, म्हणून दोघी गोदामात गेल्या, त्या परत येत नाहीत, म्हणून तिघींना झेपेल तेवढेच मागतो. 'दिला गेला' हे शब्द माझे होते. ताई म्हणाल्या होत्या, रायटरने दिला. ते लिहायला हात वळला नाही. त्यांनीही ते पुन्हा सांगितले नाही. खाली अंगठ्याऐवजी त्यांनी सही केली, एक एक अक्षर सावकाश काढत, आणि कागद पिशवीत ठेवून त्या रिक्षा पाहायला रस्त्यावर गेल्या. गोण्या कमी करून मिळाल्या. त्या दोघी मात्र परत आल्या नाहीत.